न घासलेला हौद

माझ्या धाकट्या जावेवर चार शब्द लिहून द्या, असं पाणीखात्याच्या साहेबांनी मला सांगितलं. खात्याची पुस्तिका निघणार आहे आणि तिच्यात एक पान जावेचं आहे. "तुम्ही तिला रोज बघता, तुमच्याइतकं कोण लिहिणार?" असं म्हणाले. रोज बघते म्हणूनच मला लिहायला लावू नका, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण साहेबांपुढे मी मान डोलावली, आणि आता लिहायला बसले आहे. तिचं नाव मात्र मी लिहिणार नाही. ते एका प्राण्याला दिलंय आणि शास्त्राच्या पुस्तकात छापूनही आलंय, ज्याला वाचायचं त्यानं तिथं वाचावं. आमच्या घरात मी थोरली आणि ती धाकटी, तेवढं पुरे.

प्राणी म्हणजे गोगलगाय. बागेतली पानं कुरतडते ती नव्हे. ही पाण्यातली, पूर्ण वाढली तरी मोहरीच्या दाण्याएवढी. रंग भिजलेल्या चहापत्तीचा, आणि पाठीवर शंखाच्या आकाराचं घर. पायाच्या मागच्या बाजूला एक झाकण असतं. घाबरली की आत शिरते आणि झाकण लावून घेते. साऱ्या जगात ती आमच्या टेकडीखालच्या झऱ्याच्या खोलीतच सापडते, आणि त्या खोलीतही फक्त उजव्या हौदात. उजवा हौद धाकटीचा. डावा माझा, आणि माझ्या हौदात एकही नव्हती. माझं सगळं दुखणं एवढंच आहे.

झऱ्याची खोली म्हणजे चार दगडी भिंती, वर पत्रा आणि एक लोखंडी दार. टेकडीच्या पोटातून दोन ठिकाणी पाणी फुटतं, एक डाव्या हौदात पडतं, एक उजव्या. मधे कमरेएवढी भिंत. हौद गुडघाभर खोल, तळाशी नारळाएवढे गोटे. पाणी बारा महिने एकाच अंगाचं. बाहेर थंडी असली की हाताला कोमट लागतं आणि उन्हाळ्यात गार. तिथून नळ निघतो तो खाली शहराच्या टाकीत जातो. महिन्यातून एकदा हौदाचं बूच काढायचं, पाणी सोडून द्यायचं, तारेच्या ब्रशानं भिंती, तळ आणि गोटे घासायचे, ब्लीचिंग पावडर फिरवायची, तीनदा धुवायचं आणि परत भरू द्यायचं. दारामागे तशी पाटीच लावलेली आहे. त्या पाटीवरचा एकही शब्द मी कधी गाळला नाही.

धाकटी आमच्या घरात आली तेव्हा माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं मी सासूबाईंचं स्वयंपाकघर असं ठेवलं होतं की ओट्यात तोंड दिसावं. हिनं पहिल्याच आठवड्यात दूध उतू घालवलं. का, तर खिडकीच्या कोपऱ्यात कोळी जाळं विणत होता आणि ही ते बघत उभी राहिली. माझ्या हातून असं झालं असतं तर महिनाभर ऐकून घ्यावं लागलं असतं. तिला सासूबाई म्हणाल्या, "असू दे गं. मलाही दाखव तो कोळी." दोघी खिडकीशी उभ्या राहिल्या, आणि शेगडी पुसत होते मी.

तेव्हापासून हे असंच चालू आहे. मी राबते आणि तिचं कौतुक होतं. जेवायला बसली की माझी भांडी घासून होतात तरी हिचं ताट अर्धं. केस विंचरायला आरशासमोर उभी राहिली की बाहेर दोन बस जातात. रागवावं तर हसते. सासूबाई गेल्या त्या आजारात रात्रंदिवस मी खपले. अंगाला पाणी लावणं, कूस बदलणं, औषधं, सगळं मी. शेवटच्या दिवशी डोळे उघडून त्यांनी विचारलं, "धाकटी कुठंय?" ते वाक्य मी विसरलेले नाही, आणि विसरायचा माझा विचारही नाही.

तिच्या माहेरी वडील घड्याळं दुरुस्त करायचे. लहानपणी ती त्यांच्या टेबलाशी बसून केसाएवढ्या स्प्रिंगा आणि दातेरी चाकं बघत राहायची. तिची नजर तिथं तयार झाली, हे मला मान्य करावं लागतं. दुसऱ्याला जिथं धूळ दिसते तिथं तिला वस्तू दिसते. चालत्या घड्याळाला हात लावायचा नाही, असं वडील सांगायचे म्हणे. हे वाक्य ती इतक्या वेळा सांगते की मला त्या गेलेल्या माणसाचाही राग यायला लागला आहे.

झऱ्यावरची नोकरी आधी मला लागली. वर्षभरानं खात्यानं दुसऱ्या हौदासाठी माणूस शोधायला घेतलं, तेव्हा मीच साहेबांना म्हटलं, "माझी जाऊ आहे, रिकामीच असते." म्हणजे तिला तिथं चिकटवली मी. हे आता कुणाला आठवत नाही. तिच्यावर बातमी आली त्यात माझा उल्लेख 'एक नातेवाईक' असा आहे.

पहिल्या महिन्यातच मला कळलं की ही तळ घासत नाही. पाण्यावरचा पाचोळा जाळीनं काढायची, काठ पुसायची, पाण्याच्या रेषेपर्यंत भिंती घासायची आणि नोंदवहीत 'हौद धुतला' म्हणून सही ठोकायची. बूच काढायचंच नाही, पावडरीचा डबा उघडायचा नाही.

"अगं, तळ कोण घासणार? मी?"

"पाणी स्वच्छ आहे ना, जाऊबाई. बघा, नाणं टाकलं तर दिसेल."

"नाणं दिसतं म्हणून घासायचं नाही? उद्या तोंड स्वच्छ दिसलं तर धुवायचं नाही का?"

ती हसली आणि पाचोळा काढायला लागली. मी तिची तक्रार केली नाही. घरातलं माणूस, उद्या हिची नोकरी गेली तर नाव माझंच निघायचं. तपासायला येणारे साहेब दारातूनच डोकावायचे, कारण आत यायचं तर बूट काढावे लागायचे. दोन्ही हौद स्वच्छ दिसायचे आणि दोघींना सारखीच शाबासकी मिळायची. अकरा वर्षं मी त्या सारख्या शाबासकीनं आतल्या आत जळत होते.

मग त्या बाई आल्या. कुठल्याशा विद्यापीठात पाण्यातले बारीक जीव शिकवतात, गळ्यात दोरीला भिंग बांधलेलं, म्हणून आम्ही त्यांना भिंगवाल्या बाई म्हणतो. झरे बघत फिरत होत्या. आधी माझ्या हौदात उतरल्या. एक गोटा उचलला, उलटा केला, भिंग लावलं, ठेवला. दुसरा. तिसरा. असे चाळीस गोटे बघून म्हणाल्या, "इथं काहीच नाही हो. मेलेलं कवचसुद्धा नाही. इतका रिकामा हौद मी पाहिला नव्हता." मी खूश झाले. मला वाटलं, अखेर कुणीतरी नीट बघणारं भेटलं.

मग त्या भिंत ओलांडून उजवीकडे गेल्या. पहिलाच गोटा उलटा केला आणि भिंग लावून तशाच वाकून राहिल्या. इतका वेळ वाकलेल्या की मला वाटलं पायाला काही लागलं. मग खाली बसून मोजायला लागल्या. एका गोट्यावर एकसष्ट. दुपारी उठल्या तेव्हा कमरेपर्यंत भिजल्या होत्या, आणि विचारलं, "हा हौद कोण धुतं?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले, मी धाकटीकडे. धाकटी मान खाली घालून म्हणाली, "मी. पण मी तळ घासत नाही. पावडरही टाकत नाही." शेवटी सापडली, असं मला झालं. खोटं कशाला बोलू, आनंद झाला. बाईंनी पुढे होऊन तिचे दोन्ही ओले हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही यांना वाचवलंत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आळस केला म्हणून सत्कार! मी अकरा वर्षं गुडघे झिजवले, पावडरीनं माझ्या बोटांची कातडी सोलवटली, आणि हात कुणाचे धरले? वर महिन्याभरात खात्याचं पत्र आलं की पाणी खाली टाकीत शुद्ध होतंच, त्यामुळे झऱ्यावर पावडर टाकायची मुळात गरज नव्हती. पाटी उतरवली. गोगलगाईला धाकटीचं नाव मिळालं. बाईंनी तिला स्वतःचं भिंग दिलं. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, आणि तो कापून आमच्या स्वयंपाकघरात लावला कुणी, तर आमच्या ह्यांनी! ओट्याच्या बरोबर समोर. भाजी चिरताना ती माझ्याकडे बघून हसायची.

तिला नवं काम मिळालं, दर आठवड्याला मोजणी. आणि मोजता मोजता ती इतकं शिकली की बाई फोन करून तिलाच विचारायला लागल्या. जेवताना दुसरा विषय नाही. गोगलगाय गोट्यावरचा बुळबुळीत थर खाते, ज्याला मी घाण म्हणायचे. अंडी ढिगानं घालत नाही. एक अंडं, ते एका जागी चिकटवायचं, त्यावर कवच, मग पुढे सरकायचं. जगते जेमतेम वर्षभर. साऱ्या आयुष्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतसुद्धा जात नाही. "आणि तिला कशाचीच घाई नसते, जाऊबाई," असं म्हणून ती ताटात भात चिवडत बसायची. मी म्हटलं, "नाव अगदी शोधून ठेवलंय." सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी उजवा झरा आटायला लागला. आधी मनगटाएवढी धार होती, ती अंगठ्याएवढी झाली, मग गेल्या वर्षी करंगळीएवढी. डावा झरा ठणठणीत. बाई धावत आल्या. त्या म्हणाल्या, सगळ्या एकाच हौदात आहेत, तो सुकला की प्रकरण संपलं, जगातून गेल्या. थोड्या डाव्या हौदात हलवायला हव्यात. पण नियम असा की जो जीव जिथं कधी नव्हता तिथं नेऊन सोडायचा नाही. पूर्वी होता आणि नाहीसा झाला, असं दाखवलं तरच परत सोडता येतो. आणि माझ्या हौदात पुरावा म्हणून मेलेलं कवचसुद्धा नव्हतं, इतका मी तो घासला होता. त्यांनी दोघींना विचारलं, "डाव्या हौदात या कधी होत्या का? कुणी पाहिल्या होत्या?" आठ दिवसांनी खात्याची बैठक होती.

धाकटी म्हणाली, "ते जाऊबाईंना विचारा. त्या माझ्या आधीपासून आहेत."

मी म्हटलं, "आठवत नाही."

आठवत होतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एक गोटा उलटा केला होता आणि त्यावर मोहरी सांडल्यासारखे दाणे होते. बघते तर दाणे चालत होते. किडे पडले, असं मला वाटलं. साहेबांना कळलं तर काय म्हणतील या भीतीनं मी कुणालाच सांगितलं नाही. घासले, पावडर टाकली. पुढच्या महिन्यात परत होते, कमी. परत घासले. तिसऱ्या महिन्यात एकही राहिला नाही, आणि त्या दिवशी घरी जाऊन मी स्वतःसाठी दोन चमचे साखर घालून चहा केला. म्हणजे ज्या प्राण्याला तिचं नाव आहे, तो पहिल्यांदा पाहिला मी. आणि त्याचा अर्धा वंश बुडवला तोही मीच.

याहून वाईट म्हणजे धाकटीला हे माहीत होतं. ती कामाला लागली त्या दिवशी मीच तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "काळे दाणे चालताना दिसले तर घाबरू नकोस. तीन महिने घास, जातात. माझ्याकडचे गेले." सत्कार झाला, फोटो निघाले, बाई शंभरदा येऊन गेल्या, पण हिनं ते एकदाही कुणाला सांगितलं नाही. त्या आठ दिवसांतही नाही. मी वाट बघत होते की ही बोलेल, मग मी हिच्यावर तुटून पडेन. ती रोज सकाळी उजव्या धारेखाली बोट धरून बघायची आणि गप्प राहायची. रडत होती की काय कोण जाणे. मला तिच्या त्या गप्प राहण्याचा तिच्या फोटोपेक्षा जास्त राग आला.

बैठकीत साहेब, बाई आणि आम्ही दोघी. साहेब कागद मिटत म्हणाले, "पुरावा नाही, तर परवानगी नाही. माझा नाइलाज आहे." बाई धाकटीकडे वळून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही यांना पहिल्यांदा पाहिलंत, तुमच्यामुळे त्या निदान जगाला कळल्या."

"पहिल्यांदा हिनं नाही पाहिलं," मी म्हणाले. "मी पाहिलं."

चांगुलपणा म्हणून बोलले असं कुणी समजू नये. 'पहिल्यांदा' हा शब्द मला सहन झाला नाही. इतकी वर्षं सगळं हिचं, आता हेही हिचं? तोंडातून निघून गेलं आणि मग माझ्या लक्षात आलं की आता पुढचंही सांगावं लागणार.

"कुठं?" बाईंनी विचारलं.

"माझ्या हौदात. डाव्या. ही यायच्या वर्षभर आधी."

"मग?"

"मग घासल्या," मी म्हणाले. "तीन महिन्यांत संपवल्या. किडे वाटले मला."

साहेबांनी धाकटीला विचारलं, "हे खरं आहे? तुम्हाला माहीत होतं?" ती माझ्याकडे बघत राहिली, अगदी मी मान हलवेपर्यंत. मग म्हणाली, "हो. पण पाटीवर तसंच लिहिलं होतं, साहेब. जाऊबाईंनी पाटीप्रमाणे केलं." तेवढं म्हणून ती रडायला लागली, आणि माझ्या रडण्याला जागाच उरली नाही.

परवानगी मिळाली. एक गोटा ओल्या कापडात धरून भिंतीवरून अलीकडे आणला, त्यावर तीस गोगलगाई. बाईंनी मला एकच काम सांगितलं, की काहीही करायचं नाही. थर धरू द्यायचा, बूच काढायचं नाही, ब्रश आणायचा नाही. हे काम माझ्यासारखीला सांगून बघा. माझ्या लख्ख हौदावर हिरवट थर चढायला लागला तेव्हा मला रात्री झोप लागेना. मी तारेचा ब्रश घरी नेऊन कपाटावर टाकला आणि स्टूल शेजारी देऊन टाकलं. तीसच्या बावीस झाल्या. मग चौदा. धाकटीच्या हौदातल्या अजून हजारोंनी होत्या. पाण्यालासुद्धा तिची बाजू घ्यायची असते, असं मला वाटायला लागलं. बाई म्हणाल्या, जुन्या मरणारच, त्यांचं आयुष्यच तेवढं. इथं जन्मलेलं एक पिल्लू दिसलं की समजायचं हौद परत त्यांचा झाला.

गेल्या महिन्यात एका सकाळी धाकटी जाळी न्यायला माझ्या बाजूला आली. धारेजवळच्या गोट्यापाशी वाकली, जरा थांबली आणि ताठ उभी राहिली. म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या हौदाची मोजणी आज तुम्हीच करा. मला उशीर होतोय." उशीर! जिला जन्मात कशाला उशीर झाल्याचं कळलं नाही ती! भिंग माझ्या हातात देऊन ती पलीकडे गेली.

मी धारेजवळचा गोटा उलटा केला. बराच वेळ काही दिसेना. मग थराच्या कडेला एक ठिपका सरकला. तिळाच्या टोकाएवढा, इतका कोवळा की आतलं आरपार दिसत होतं. तो तीस जणींतला नव्हता. तो माझ्या हौदात जन्मला होता.

मान वर करून बघते तर धाकटी पलीकडे भिंतीकडे तोंड करून उभी. हातात जाळी, पण जाळी कोरडी. काम काहीच नाही, नुसती उभी, आणि माझ्याकडे न बघण्याची कोण धडपड! तेव्हा मला समजलं. हिनं ते आधीच पाहिलं होतं.

"धाकटे," मी हाक मारली. "इकडे ये. पिल्लू आहे."

ती पळत आली. पळत! गोट्यावर वाकून म्हणाली, "अगबाई! कुठंय? मला तर दिसतच नाही." केसाएवढ्या स्प्रिंगा बघत वाढलेली बाई, हिला दिसत नाही. मी बोट दाखवलं. "तुमची नजर हो, जाऊबाई," ती म्हणाली, आणि नोंदवही उघडून माझ्यापुढे धरली. डाव्या हौदाच्या पानावर रकाना आहे, 'प्रथम कोणी पाहिले'. तिनं पेनाचं टोपणही काढून दिलं.

अठरा वर्षं मी याच रकान्यासाठी जळत होते. पेन हातात होतं आणि बघणारं तिसरं कुणी नव्हतं. पण तिनं दिलेलं मला नको होतं. माझं असेल ते द्या, नसेल तर राहू द्या, ही भीक कशाला? मी तिचं नाव लिहिलं. पूर्ण, नीट अक्षरात, आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही केली.

ती वाचून म्हणाली, "असं काय लिहिलंत?"

"जे खरं ते लिहिलं," मी म्हणाले. "आणि परत माझ्यापुढे आंधळेपणाचं सोंग आणू नकोस, तुला जमत नाही."

तर साहेब, हे झाले चार शब्द. पुस्तिकेत तिचं नाव तुम्हाला हवं असेलच. ते डाव्या हौदाच्या नोंदवहीत आहे, माझ्या अक्षरात. तिथून उतरवून घ्या.